साठवलेल्या धान्याचा श्वास

धान्य साठवणे हे उद्यावरच्या श्रद्धेचे लक्षण मानावे की उद्याच्या भयाचे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे, आणि धर्मग्रंथांनी त्याला दिलेली उत्तरे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात योसेफ मिसरच्या राजाला त्याच्या स्वप्नाचा अर्थ उलगडून सांगतो आणि सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरायला लावतो. पुढची सात दुष्काळी वर्षे त्याच साठ्यावर निभतात, म्हणजे तेथे साठवण हा ईश्वरी योजनेचाच भाग ठरतो. निर्गम या दुसऱ्या पुस्तकात मात्र अरण्यात मिळालेला मान्ना ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या अन्नात सकाळी किडे पडलेले दिसतात, आणि लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करतो तेव्हा त्याच रात्री त्याचा प्राण जातो. भारतीय परंपरेतही हा ताण आहे. तैत्तिरीय उपनिषद अन्न वाढवणे हे व्रत मानते, योगसूत्रे अपरिग्रहाची, म्हणजे गरजेपलीकडे न बाळगण्याची, गणना यमांत करतात, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानाची महती गाणारे सूक्त एकट्याने खाणाऱ्याला पापाचा वाटेकरी ठरवते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा साठवणाऱ्याच्या मनापुरती राहते. त्याला लोभ होता की दूरदृष्टी, एवढेच तपासले जाते. जी वस्तू साठवली जाते तिचा स्वभाव काय, हे विचारले जात नाही. पेटीतले सोने शंभर वर्षांनी उघडले तरी तसेच असते, पण धान्य सजीव आहे, आणि सजीव वस्तूचा संचय हा निर्जीव वस्तूच्या संचयाहून नैतिक दृष्ट्या वेगळा असला पाहिजे, असे मानायला आधार आहे. हा आधार शोधायला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील मक्याच्या प्रदेशाइतकी, विशेषतः आयोवा राज्याइतकी, दुसरी योग्य जागा क्वचितच सापडेल, कारण तेथे धान्य वाळवणे आणि थंड ठेवणे या दोन साध्या कामांना गेल्या शतकात शास्त्राचे रूप मिळाले, आणि त्या शास्त्राने जे दाखवून दिले ते धर्मचिंतकांनीही ऐकण्यासारखे आहे.

मळलेला मक्याचा दाणा श्वास घेतो. त्याच्या आतली पिठूळ साखर प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. दाणा ओला असेल तर त्यावरची बुरशी हेच काम त्याच्याहून कितीतरी अधिक वेगाने करते, त्यामुळे कोठारातला श्वास हा एकट्या धान्याचा नसून त्यात राहणाऱ्या अदृश्य सृष्टीचाही असतो. आयोवातील एम्स येथे अमेरिकी कृषी खात्याच्या स्टील, सॉल आणि हुकिल या अभियंत्यांनी हा श्वास मोजला आणि १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धान्यातील शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारे वजन, अर्ध्या टक्क्याने घटेपर्यंत मक्याची प्रत टिकते असे धरून त्यांनी साठवणुकीची मुदत ठरवली. हे अर्धा टक्का म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम. तेवढे जळताना सुमारे ७.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इतकी उष्णता निर्माण होते की ती कोंडून राहिली तर तोच किलोभर मका सुमारे ४० अंश सेल्सिअसने तापेल. मराठी घरात धान्याला ऊब धरली, असे म्हणतात ते नेमके हेच. पोत्यात हात घातल्यावर आत कोमट लागते, बोटांना किंचित चिकट वाटते आणि नाकाला उबट वास येतो, तेव्हा धान्य स्वतःलाच खाऊ लागलेले असते.

या आत्मभक्षणाला आवर घालण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत, पाणी काढणे किंवा उष्णता काढणे. शंभर किलो धान्यात वीस किलो पाणी असेल तर त्याची आर्द्रता वीस टक्के म्हणतात. असा मका २१ अंश तापमानाला जेमतेम दोन आठवडे टिकतो, पण ४-५ अंशांवर तोच सुमारे तीन महिने राहू शकतो, आणि १५ टक्क्यांपर्यंत वाळवला तर थंडीचा सारा हंगाम पार करतो. उन्हाळ्यापलीकडे ठेवायचा तर १४ टक्के आणि वर्षाहून अधिक काळ ठेवायचा तर १३ टक्के, असा तेथील शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयोवात हे काम वाऱ्याकडे सोपवलेले होते. सोललेली कणसे अखंड ठेवून ती क्रिब नावाच्या अरुंद, फटीफटीच्या फळ्यांच्या कोठारात भरली जात, आणि हिवाळाभर फटींतून वाहणारा वारा त्यांतले पाणी हळूहळू नेत असे. कोठार अरुंद असण्याचे कारणच हे, की वारा मधोमध पोचला पाहिजे. १९५०-६०च्या दशकांत कापणी आणि मळणी एकाच फेरीत करणारी कम्बाइन यंत्रे मक्याच्या शेतात आली, तेव्हा कणसाऐवजी सुटा ओला दाणा थेट गोल लोखंडी कोठारात येऊन पडू लागला, आणि जे काम वारा चार महिन्यांत करी ते काही तासांत उरकण्यासाठी प्रोपेनचा अग्नी लागला. हा बदल केवळ यंत्राचा नव्हता. शेतकऱ्याला कापणी लवकर आटोपता आली, बर्फ पडण्याआधी शेत मोकळे झाले, कणसे गळण्याचे नुकसान टळले. याचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्या घाईची किंमत अग्नीत मोजावी लागली, आणि ती किंमत किती, हे मराठी वाचकाला स्वयंपाकघरातल्या मापाने सांगता येते. २५ टक्के आर्द्रतेचा एक टन मका १५ टक्क्यांवर आणायचा तर त्यातून सुमारे ११८ किलो पाणी वाफ करून घालवावे लागते, आणि जुन्या पद्धतीच्या उष्ण वाळवणी यंत्रात त्याला लागणारा वायू साधारण एका घरगुती सिलिंडरइतका, म्हणजे चौदा-पंधरा किलो भरतो. पाण्याची वाफ होण्यासाठी जितकी उष्णता निसर्गनियमाने अटळ आहे तिच्या दुपटीहून अधिक यात खर्च होते. उरलेली गरम हवेबरोबर निघून जाते. ओल्या हंगामात एक एकर मका वाळवण्याची ऊर्जा ही ते शेत नांगरण्यापासून कापण्यापर्यंतच्या सगळ्या डिझेलपेक्षा जास्त होऊ शकते.

येथे धर्माचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. प्रोपेन हा खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांतून मिळतो, आणि ती दोन्ही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांनी पकडलेल्या सूर्यप्रकाशाची साठवण आहेत. म्हणजे यंदाचे कोठार राखण्यासाठी माणूस एक फार जुने कोठार उघडतो, जे त्याने भरलेले नाही आणि पुन्हा भरूही शकत नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पाऊस, अन्न, प्राणी आणि यज्ञ यांचे एक चक्र सांगितले आहे, आणि देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो उपभोगतो त्याला चोर म्हटले आहे. ऊर्जेची काटकसर हा शब्द आजकाल खर्चवहीत आणि वीजबिलात राहतो. या चक्राच्या दृष्टीने पाहिले तर तो ऋणाचा शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव जाळून जो मका वाळवला त्यातला एक तृतीयांशाहून अधिक अमेरिकेत इथेनॉल होऊन पुन्हा इंधन म्हणूनच जळतो आणि मोठा भाग जनावरांच्या चाऱ्यात जातो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ऋणाचा हिशेब अधिकच अवघड होतो.

अमेरिकेला हा हिशेब प्रथम जाणवला तो धर्मोपदेशातून नव्हे, टंचाईतून. १९७३ची तेलबंदी झाली तेव्हा मध्यपश्चिमेत मक्याची कापणी चालू होती आणि वाळवणीच्या इंधनाची चिंता घरोघर होती. पुढे २०१९च्या ओल्या शरदातही आयोवा-मिनेसोटा भागात प्रोपेनचा तुटवडा पडला. या दोहोंच्या मधे, ४ ऑक्टोबर १९७९ रोजी, एका आयोवी शेतकऱ्याने हाताने लिहिलेल्या पत्राचे निमंत्रण स्वीकारून पोप दुसरे जॉन पॉल डे मॉइनजवळच्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्स या जागी आले आणि कापणीच्या दिवसांत तीन लाखांहून अधिक लोकांपुढे त्यांनी जमिनीविषयी प्रवचन केले. कृतज्ञता, जमिनीची जपणूक आणि उदारता या तीन वृत्ती त्यांनी शेतकऱ्याकडे मागितल्या. तो दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसचा होता, पाखरांना बंधू मानणाऱ्या संताचा. आणि पाखरे पेरत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, हा येशूचा दाखला ज्यांच्या कानांत लहानपणापासून आहे अशा कोठारवाल्यांपुढे तो दिवस यावा, यात एक गंभीर औचित्य होते. पुढच्याच वर्षी मध्यपश्चिमेच्या कॅथलिक बिशपांनी जमिनीवरचे निवेदन काढले, त्याच्या नावातच माणूस हा भूमीवरचा परका आणि पाहुणा असल्याचे म्हटले होते. पाहुण्याने यजमानाच्या घरातील इंधन कसे वापरावे, हा प्रश्न त्या नावातून आपोआप निघतो.

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर, आणि सुंदर हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे, एका अभियंत्याकडून आले. १९६०च्या दशकात इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात कृषी खात्याचे जॉर्ज फॉस्टर यांनी ड्रायरेशन नावाची रीत घडवली. प्रखर उष्णतेने वाळवलेला मक्याचा दाणा उजेडासमोर धरला तर त्याच्या काचेसारख्या पिवळ्या भागात केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात. त्या पडतात याचे कारण असे की गरम हवा दाण्याची साल झपाट्याने कोरडी करते, गाभ्यातले पाणी मात्र बाहेर यायला वेळ घेते. अशा दाण्यावर लगेच थंड हवा सोडली की बाहेरचा कोरडा भाग आकसतो, आतला फुगलेला तसाच राहतो आणि दाणा तडकतो. फॉस्टर यांनी केले ते एवढेच, की मका हवा त्याहून एक-दोन टक्के ओला असतानाच गरम गरम यंत्रातून काढला, दुसऱ्या कोठारात ओतला आणि चार ते दहा तास त्यावर कसलीही हवा न सोडता तसाच राहू दिला. मराठीत या क्रियेला नेमका शब्द आहे, मुरू देणे. मुरताना गाभ्यातले पाणी सालीकडे सरकते, दाणा आतबाहेर सारखा होतो. मग संथ हवा सोडली की दाण्याने स्वतःत धरलेल्या उष्णतेवरच ते शेवटचे पाणी निघून जाते आणि त्यासाठी नवा वायू जाळावा लागत नाही. वाफ कोठाराच्या गार पत्र्यावर थेंब होऊन ओघळते, म्हणून मुरवण्याचे कोठार आणि कायम साठवण्याचे कोठार वेगळे ठेवतात. भेगा कमी, इंधन कमी, यंत्राचे काम अधिक. आणि हे सगळे कशाने, तर न करण्याने. दाण्याला स्वतःचा काळ आहे हे मान्य करणे, एवढाच त्यातला शोध.

याहून पुढे जाऊन अग्नी जवळजवळ टाळणारी रीतही तेथे रूढ आहे. कोठाराच्या भोके पाडलेल्या तळातून पंख्याने बाहेरचीच हवा वर ढकलत राहायचे. वाळलेल्या धान्याचा थर तळाकडून वर सरकत जातो आणि काही आठवड्यांत माथ्याला पोचतो. यात हवा मुबलक लागते, शिवाय धान्याचा थर उथळ असावा लागतो, कारण त्याच थरातून दुप्पट हवा न्यायची तर पंख्याची शक्ती चौपट-पाचपट वाढवावी लागते. नुसते थंड करायचे असेल तर त्याच्या दहाव्या हिश्श्याची हवा पुरते आणि दीडशे तासांच्या आसपास थंडीची सीमा खालून वर जाते. मधेच पंखा बंद केला तर ती सीमा धान्याच्या पोटातच थांबते, आणि उबदार व गार थरांच्या संधीवर ओल साचते. नोव्हेंबरात असे टप्प्याटप्प्याने थंड केलेले धान्य उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे ती थंडी वसंतापर्यंत आणि पुढेही धरून ठेवते. १५ अंशांखाली सोंडकिड्यांसारख्या किडींची वाढ थांबत येते, १० अंशांखाली त्या निपचित पडतात. आयोवाचा शेतकरी म्हणजे मक्याबरोबर हिवाळाही साठवतो, आणि त्या थंडीसाठी त्याला पंख्याच्या विजेपलीकडे काही द्यावे लागत नाही. टेक्सासच्या दक्षिण भागात ही देणगी नाही. तेथे यंत्राने थंडी निर्माण करावी लागते.

महाराष्ट्रातील पेव ही याच प्रश्नाची दुसरी टोकाची उकल होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवणारी जमिनीतली पेवे २००५च्या महापुरापर्यंत प्रसिद्ध होती, आणि दख्खनच्या अनेक गावांत ज्वारीही पेवात ठेवत. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात धान्य आपल्याच श्वासाने आतला प्राणवायू संपवते आणि मग तो निःश्वासच त्याचा राखणदार होतो. ऊर्जा शून्य लागते, पण धान्य आधी उन्हात खडखडीत वाळलेले असावे लागते. आत प्राणवायू उरलेला नसे, म्हणूनच पेव उघडल्यावर काही वेळ मोकळे ठेवून, दिवा सोडून पाहून, मग आत उतरण्याचा रिवाज होता.

कोठार कोणाचे, हा या प्रश्नाचा उरलेला भाग. त्याबाबत आयोवाने अमेरिकेला हेन्री वॉलेस दिला. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्या मराठी वाचकाला हे ऐकून आनंद होईल, की जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर एम्सच्या महाविद्यालयात असताना ज्या लहान मुलाला बरोबर नेऊन वनस्पती दाखवत, तोच हा वॉलेस. आजोबा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक, वडील कृषिमंत्री, स्वतः संकरित मक्याचा संशोधक आणि आयुष्यभर धर्माचा शोध घेणारा जिज्ञासू. १९३३ साली तो कृषिमंत्री झाला तेव्हा धान्याचे आणि मांसाचे भाव इतके कोसळले होते की ते सावरण्यासाठी सरकारने सुमारे साठ लाख डुकरे, बहुतेक पिल्ले, मारवली, उभा कापूस नांगरून टाकला. देशात लाखो लोक उपाशी असताना अन्न नष्ट करण्याचे ते पाप होते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही, आणि वॉलेसलाही ते कृत्य भूषणाचे वाटत नव्हते. त्याची खरी आशा एव्हर-नॉर्मल ग्रॅनरी, म्हणजे सदैव समपातळीत राहणारे कोठार, या कल्पनेत होती. तिचे मूळ दोन ठिकाणी होते: एक योसेफाची कथा, आणि दुसरे प्राचीन चीनमधील समकोठारांची व्यवस्था, जिची माहिती त्याला चेन हुआन-चांग या चिनी विद्वानाने कोलंबिया विद्यापीठात लिहिलेल्या, १९११ साली छापलेल्या कन्फ्यूशियसच्या अर्थविचारावरील प्रबंधातून मिळाली. १९३३च्या शरदापासून सरकारने शेतकऱ्याच्या क्रिबमधल्या मक्याला मोहोर लावून बुशेलमागे, म्हणजे सुमारे २५ किलोंमागे, ४५ सेंट कर्ज दिले. १९३४ आणि १९३६चे दुष्काळ आले तेव्हा साठ्याची किंमत देशाला कळली, आणि १९३८च्या कृषी कायद्यात ही कल्पना रुजली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या पार्श्वभूमीवर वेगळी उजळते. बिदरच्या बादशहाचे कोठार त्यांच्या ताब्यात होते, मालकीचे नव्हते. दुष्काळात त्यांनी ते भुकेल्यांना उघडून दिले आणि परंपरा सांगते की त्या धान्याचे पैसे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात येऊन बादशहाच्या दरबारात भरले. वॉलेसचे कोठार कायद्याने उघडते, दामाजीपंतांचे करुणेने, पण दोन्हीकडे साठवणारा हा मालक नसून राखणारा आहे, आणि राखण्याला अर्थ येतो तो पुढे वाटप असल्यामुळे.

लूकच्या कथेतील श्रीमंत माणसाकडे आता पुन्हा पाहता येते. त्याचा अपराध मोठे कोठार बांधणे हा असेल, पण कथेत त्याहून ठळक एक गोष्ट आहे: तो आपल्या जिवाला सांगतो की पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता विसावा घे. धान्याचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे असा कोणीही हे वाक्य उच्चारू शकत नाही. शरदात कोठाराच्या कडेचे धान्य गार होते आणि मधले उबदार राहते, तेव्हा आतली हवा कडेने खाली आणि मधून वर वाहू लागते, माथ्याच्या गार थराला टेकून ओल सोडते आणि तेथे बुरशीची कडक साय धरते. खालून धान्य काढत गेले की त्या सायीखाली पोकळी होते; वर उभा राहिलेला माणूस साय मोडून आत जातो आणि धान्य त्याला क्षणांत वेढते. २००९चा हंगाम ओला होता, मका ओलाच भरला गेला, आणि २०१० मध्ये धान्यात माणसे अडकल्याच्या ५०हून अधिक घटना पर्ड्यू विद्यापीठाने नोंदवल्या, त्यांत किशोरवयीन मुलेही होती. ज्याने कोठार भरून पाठ फिरवली त्याच्या निश्चिंतपणाचे मोल पुष्कळदा दुसऱ्यानेच, कधी मजुरीला आलेल्या पोराने, भरलेले असते.

म्हणून भरल्या कोठाराला भेट देण्याचा नेम तेथे ठरलेला आहे, उबदार दिवसांत आठवड्याला आणि कडक थंडीत दोन ते चार आठवड्यांनी. जानेवारीत बर्फ तुडवत शेतकरी कोठारापाशी येतो, पंख्याच्या तोंडावरचे आच्छादन काढतो, पंखा काही मिनिटांपुरता चालू करतो आणि शिडीने वर चढून माथ्याच्या झडपेतून बाहेर येणारी पहिली हवा हुंगतो. ती कोरडी आणि गार असेल, तिला मक्याचाच वास असेल, तर खाली उतरून पंखा थांबवतो आणि तोंड पुन्हा झाकतो.